आईचे हात रात्री बधिर होतात: संधिवात म्हणायचा की कार्पल टनेल?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. आईंचं वय ५४. चार-पाच महिन्यांपासून रात्री दोन-तीनच्या सुमारास दोन्ही हातांना मुंग्या येऊन जाग येते, उजव्या हाताला जास्त. सकाळी मूठ वळत नाही, हात ‘सुजल्यासारखा’ वाटतो. हल्ली कपबशी हातातून निसटते. एका डॉक्टरांनी आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून ‘संधिवात नाही’ असं सांगून नसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी एनसीव्ही, म्हणजे नसेचा वेग मोजणारी तपासणी करून ‘मध्यम स्वरूपाचं कार्पल टनेल आहे, ऑपरेशन करून टाका’ असं सांगितलं. मावशींना आमवात (ऱ्हुमॅटॉइड संधिवात) असल्यामुळे घरचे म्हणतात, हाही वातच. तुम्हाला विचारायचंय ते असं: यातलं खरं काय, संधिवातामुळे कार्पल टनेल होतं का, आणि ऑपरेशन केलं तर संधिवातही जाईल का.

मी बरीच वर्षं फक्त हातांच्या दुखण्यांवर काम करते, शस्त्रक्रियाही करते. आईंना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे नक्की सांगता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं असायलाच हवं असं नाही. कार्पल टनेल सिंड्रोम म्हणजे मनगटाशी नस दाबली जाणं. ती कशामुळे दाबली जातेय, हे त्या निदानात येत नाही. संधिवात हे त्यामागचं एक कारण असू शकतं. दोन्ही डॉक्टरांनी पाहिलं ते बरोबर असेल आणि तरीही दोघांचं मिळून चित्र अपुरं असेल, असं मला तुमचं वाचून वाटतं. आईंच्या बाबतीत खरे प्रश्न दोनच आहेत: त्या बोगद्यात काय फुगलंय, आणि ते शोधायला नस आपल्याला किती वेळ देणार आहे.

बोगदा म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मनगटाच्या आडव्या रेघेपासून तळहाताच्या बुडापर्यंत तीन-चार सेंटिमीटरचा हा रस्ता. तळाला आणि बाजूंना मनगटाची लहान हाडं, वर एक जाड, न ताणला जाणारा पट्टा. यातून बोटं आणि अंगठा वाकवणारे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, जातात आणि त्यांच्या जोडीला एकच नस, मीडियन नर्व्ह. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची संवेदना तिच्याकडे आहे, शिवाय अंगठा तळहातापासून वर उचलणारा स्नायूही तिच्याच हुकमतीत.

टेंडन एकमेकांवरून सरकावेत म्हणून त्यांच्याभोवती एक बुळबुळीत अस्तर असतं, सायनोव्हियम. सांध्यांच्या आतलं अस्तरही याच जातीचं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जो आजार सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करतो, तो टेंडनच्या अस्तरावरही करतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं तसंच होतं: चौकट तेवढीच राहते, आतलं वाढतं. नऊ टेंडनचं अस्तर थोडं थोडं जरी जाड झालं तरी जागा संपते, आणि टेंडन चिवट असल्यामुळे त्रास पहिल्यांदा नसेला होतो.

मनगट सरळ असताना निरोगी बोगद्यातला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आतच असतो. तो ३० च्या आसपास जाऊन टिकून राहिला की नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा प्रवाह मंदावतो आणि मुंग्या सुरू होतात. मनगट पूर्ण वाकवलं की हाच दाब कितीतरी पटींनी वाढतो. झोपेत आपण मनगट मुडपून हात उशीखाली किंवा गालाखाली घेतो, म्हणून त्रास रात्री. आणि उठून हात झटकला की बरं वाटतं. आईही हात झटकत असतील. विचारून पाहा. हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक रुग्णाला विचारते, कारण मानेच्या मणक्यात नस दाबली असेल तर हात झटकून सहसा काही फरक पडत नाही.

आता संधिवाताकडे. तो एक आजार नाही. कोणता आहे त्यावर मनगटाशी असलेलं त्याचं नातं बदलतं, आणि उपायही.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, याचं नातं सर्वांत थेट आहे. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सायनोव्हियमवर उलटते. बोटांच्या मुळांचे आणि मधले सांधे, मनगटं, दोन्ही बाजूंना साधारण सारखी दुखतात. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. बोटांच्या टोकांचे, नखांजवळचे सांधे सहसा सुटतात. पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट अशी की काही रुग्णांत बोटांचे सांधे उघड सुजण्याआधी कार्पल टनेल हेच आमवाताचं पहिलं लक्षण असतं. पन्नाशीच्या आसपासची बाई, दोन्ही हात, त्रास थोड्याच महिन्यांत वाढलेला, आणि घरात कुणाला आमवात. एवढं ऐकलं की मी सुरी हातात घेण्याआधी थांबते आणि सांधे नीट तपासते. तुमच्या आईंच्या वर्णनात यातल्या बऱ्याच गोष्टी आहेत म्हणून हे स्पष्टपणे लिहिते आहे.

झिजेच्या संधिवाताचं नातं वेगळं आहे. मनगटाच्या सांध्याची फार झीज होऊन वाढलेलं हाड बोगद्यात घुसलं असं होतं, पण ते कमी. बहुधा जुनं फ्रॅक्चर असलेल्यांत. नेहमी दिसतं ते असं की अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला आहे आणि त्याच हातात कार्पल टनेलही आहे. दोन्ही दुखणी पाळी गेल्यानंतरच्या वयात बायकांना जास्त होतात, म्हणून एकाच हातात जोडीने भेटतात. एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही, पण एकाचा इलाज करून दुसरं बरं होईल ही अपेक्षा मात्र हमखास ठेवली जाते. डबा उघडताना, किल्ली फिरवताना, पिशवी चिमटीत धरताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती सांध्याची. रात्रीच्या मुंग्या नसेच्या. नस मोकळी केल्यावर मुंग्या जातात आणि अंगठ्याची कळ तशीच राहते, मग घरचे म्हणतात ऑपरेशन फसलं. ते फसलेलं नसतं. दुखणी दोन आहेत हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

बाकीची कारणं भराभर सांगते, पण आपल्याकडे त्यांना वगळून चालत नाही. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सांधे आणि टेंडनची अस्तरं सुजलेली राहतात, त्यातून कार्पल टनेल होतं. आईंना गेल्या वर्षभरात सांधे धरणारा ताप येऊन गेला का, हे डॉक्टरांना सांगा; २००६ च्या साथीपासून महाराष्ट्रात हा प्रश्न विचारावाच लागतो. गाऊटमध्ये युरिक अॅसिडचे खडूसारखे गोळे बोगद्यातच साचू शकतात. आणि एकाच मनगटावर, तळहाताच्या बुडाशी हळूहळू वाढणारी मऊ, फारशी न दुखणारी सूज असेल तर आपल्या देशात क्षयरोगाचा विचार करावा लागतो. अशी सूज उघडली की पुष्कळदा आतून तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे गुळगुळीत दाणे बाहेर येतात. एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. ते तपासायला न पाठवता नुसतं साफ करून टाके घातले तर खरा आजार आतच राहतो.

दोन आजार संधिवाताचं सोंग घेतात, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

एक मधुमेह. बरीच वर्षं साखर वाढलेली असेल तर बोटांची कातडी आणि आतले पापुद्रे कडक होतात, बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. आईंना नमस्कार करायला सांगा. तळहात आणि सगळी बोटं एकमेकांना पूर्ण चिकटतात का पाहा. बोटांमध्ये फट राहत असेल तर हा आखडलेपणा मधुमेहाचा असू शकतो. अशा हातात कार्पल टनेलही पुष्कळदा असतं, बोट अडकून ‘टक्’ आवाज करत सुटणंही असतं.

दुसरा थायरॉइड. तो मंदावला की अंग जड, सांधे आखडलेले, हातांना मुंग्या, थकवा, सगळं एकदम. एका टीएसएच तपासणीत उलगडा होतो आणि गोळी सुरू केल्यावर हातही पुष्कळदा सुधारतात. ऑपरेशन ठरवण्याआधी टीएसएच पाहिलेलं नसेल तर ते पाहून घ्याच.

आता हात तपासताना मी काय बघते ते सांगते. यातलं बरंचसं तुम्ही घरीही पाहू शकता. निदानासाठी नाही, डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून.

दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायला लावते. अंगठ्याखालचा उंचवटा दोन्हीकडे सारखा भरलेला आहे का? दबलेली नस फार दिवस तशीच राहिली तर तो उंचवटा बसतो, तिथे खळगा दिसतो. मग अंगठा छताकडे सरळ वर उचलायला सांगते आणि एका बोटाने तो खाली दाबते. निरोगी अंगठा चांगला विरोध करतो. त्यानंतर अनामिकेच्या दोन्ही बाजूंना कापसाचा बोळा फिरवते. अंगठ्याकडची बाजू बोथट आणि करंगळीकडची नेहमीसारखी असं रुग्ण म्हणाला, तर नस मनगटाशी दबली आहे असं मी बऱ्याच खात्रीने धरते, कारण मानेतून येणारा बधिरपणा एका बोटाचे असे दोन भाग करत नाही. करंगळीही बधिर असेल तर कोपराशी दुसरी नस दबली आहे का ते पाहावं लागतं. आणि पायाची बोटंही बधिर असतील तर बी१२ ची कमतरता किंवा मधुमेहातली नसांची कमजोरी शोधावी लागते. शाकाहारी घरांत आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी सापडणं नेहमीचंच आहे.

मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या आणि मिनिटभर तसंच राहायचं, ही फॅलेनची चाचणी. मिनिटाच्या आत मुंग्या आल्या तर संशय बळावतो.

मग हात पालथे करते. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळांशी चार उंचवटे आणि मध्ये तीन दऱ्या दिसायला हव्यात. आमवातात त्या दऱ्या भरून येतात. पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच आवळते, हस्तांदोलनात आवळतो तसा. आमवाताचा रुग्ण त्यावर चटकन हात मागे घेतो. इथे एक बारकावा आहे. ‘हात सुजल्यासारखा वाटतो’ ही तक्रार नुसत्या कार्पल टनेलमध्येही असते. नस दबल्यामुळे मेंदूला तसं भासतं, पण बघणाऱ्याला सूज दिसत नाही, अंगठी सहज निघते. आमवातात सूज बघणाऱ्यालाही दिसते, अंगठी अडकते. म्हणून आईंना ‘सूज वाटते का’ एवढंच विचारू नका. सकाळी उठल्या उठल्या त्यांचे हात स्वतः पाहा आणि चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. दुपारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत सकाळची सूज ओसरलेली असते, तेव्हा हे फोटो फार उपयोगी पडतात.

आखडलेपणाचंही तसंच. तो किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. झिजेचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. कार्पल टनेलचा हात झटकून, कोमट पाण्यात चार वेळा मूठ वळून मोकळा होतो. चहा झाला, अंघोळ झाली, डबा करायला घेतला तरी कणिक मळवत नाही, असं असेल तर रोख आमवाताकडे जातो.

तपासण्यांबद्दल. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही, हे विधान चुकीचं आहे. आमवाताच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात तो निगेटिव्ह असतो, सुरुवातीच्या महिन्यांत तर आणखी जास्त. उलट काही निरोगी वयस्कर माणसांत तो पॉझिटिव्ह येतो. त्यामुळे एकट्या या आकड्यावर हो किंवा नाही ठरवू नका. अँटी-सीसीपी (आमवातासाठीची आणखी एक रक्ततपासणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी आणि दोन्ही हातांचा एक्स-रे हे एकत्र करून घ्या. एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, पण पुढे तुलना करायला तो पहिला फोटो मोलाचा ठरतो.

एनसीव्ही तपासणी नस किती मंदावली आहे ते सांगते, पण ती का मंदावली हे सांगत नाही. ते पाहायचं असेल तर मनगटाची सोनोग्राफी करावी, सांधे आणि टेंडनची सोनोग्राफी नियमित करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून. त्यात नस बोगद्याच्या तोंडाशी फुगली आहे का ते मोजता येतं. शिवाय टेंडनभोवतीचं अस्तर जाड आहे का, आणि डॉपलर लावल्यावर त्यात रक्तप्रवाह वाढलेला दिसतो का, हेही कळतं. तो वाढलेला असेल तर आत दाह चालू आहे. संधिवात आणि कार्पल टनेल यांचा संबंध डोळ्यांनी दाखवणारी, परवडणारी अशी हीच तपासणी. तुमच्या गावात सोय नसेल तर त्यासाठी एक फेरी मोठ्या शहरात करणं मला योग्य वाटतं.

या सगळ्याला दोन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागू नये. भिजत घोंगडं ठेवायची ही जागा नाही, कारण नस वाट पाहत बसत नाही.

आता निर्णय कसा घ्यायचा. इथे मात्र परिस्थितीनुसार उत्तर बदलतं.

मुंग्या येतात-जातात, दिवसा बोटांत संवेदना नीट आहे, अंगठ्याची ताकद शाबूत आहे आणि तपासणीत आमवात दिसला, असं असेल तर मी आधी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवते. आमवाताची औषधं सुरू झाली की अस्तराची सूज उतरते आणि पुष्कळ रुग्णांत नस आपोआप मोकळी होते. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर रात्री मनगट सरळ धरणारा पट्टा (स्प्लिंट) आणि लागलंच तर बोगद्यात एक स्टेरॉइडचं इंजेक्शन यावर निभावतं. आणि हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्यामुळे जीव गेले आहेत. ते सुरू झालंच तर घरातल्या एकाने वार ठरवून स्वतःच्या हाताने गोळी द्यावी.

आमवात निघाला, पण बोटं दिवसभर बधिर आहेत, वस्तू निसटतायत, अंगठ्याखालचा उंचवटा बसू लागलाय किंवा एनसीव्हीत नस गंभीर दबलेली आहे, तर औषधांचा गुण येण्याची वाट पाहू नये. नस मोकळी करायची आणि त्याच वेळी आमवाताचे उपचारही सुरू ठेवायचे. कपबशी निसटते असं तुम्ही लिहिलंय, ते मी हलक्यात घेणार नाही. मात्र ती का निसटते, बोटांना कळत नाही म्हणून, अंगठ्यात जोर नाही म्हणून की सांधा कळ मारतो म्हणून, हे हात तपासल्यावरच ठरेल.

आमवात, थायरॉइड, मधुमेह यातलं काहीच सापडलं नाही तर नेहमीचं, नेमकं कारण नसलेलं कार्पल टनेल. सर्वाधिक रुग्ण याच गटातले. मध्यम स्वरूप असेल तर सहा आठवडे पट्टा लावून पाहावा. फरक नाही पडला तर ऑपरेशन हा चांगला आणि खात्रीचा उपाय आहे, त्याला घाबरू नये.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती दुकानात कुणी सांगत नाही. मेडिकलमध्ये ‘कॉक-अप स्प्लिंट’ म्हणून मिळतो त्यातली धातूची पट्टी बहुधा मनगट मागे वळवून धरते. कार्पल टनेलसाठी मनगट सरळ हवं, पुढे नको आणि मागेही नको. ती पट्टी पट्ट्याच्या खिशातून काढून हाताने जवळजवळ सरळ करून परत घाला. बोटं मोकळी राहायला हवीत, वेल्क्रो इतकंच घट्ट की खाली एक बोट सहज जाईल. लावायचा रात्री, रोज. ‘लावून पाहिला, उपयोग नाही झाला’ म्हणणाऱ्यांचा पट्टा तपासला तर बऱ्याचदा तो वाकडा तरी असतो किंवा चार रात्रींत सोडून दिलेला तरी.

घरकामाचं. भाकरी थापणं, कणिक मळणं, धुणं पिळणं, या तिन्हींत मनगट मागे वळून तळहाताच्या बुडावर जोर येतो. या कामांमुळेच आजार झाला असं मी म्हणणार नाही, पण दुखऱ्या मनगटाला ती नक्की जाचतात. काही आठवडे ती घरातल्या दुसऱ्यांनी उचलावीत. मनगटावर घट्ट बसणाऱ्या बांगड्या सूज असेपर्यंत काढून ठेवाव्यात. आणि आईंना सांगा, रात्री उठून हात झटकत बसण्यात कसला मोठेपणा नाही. दुखणं अंगावर काढायची सवय या आजारात सगळ्यात महाग पडते.

स्टेरॉइडचं इंजेक्शन बोगद्यात दिलं की बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. तो काही महिने टिकतो, काहींना जास्त. एक ठीक. फरक ओसरला म्हणून पुनःपुन्हा घेत राहणं मला पसंत नाही, कारण दुखणं झाकलं जातं आणि नस आत कमजोर होत राहते. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहावी. वातावरच्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र दूर राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चार दिवसांत हात हलके वाटतात, त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो, आणि नंतर आम्हाला ना सूज खरी दिसते ना रक्ताचे रिपोर्ट. आईंनी असं काही घेतलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पण एकदम बंद करू नका, दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

नसांच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या आई घेतायत म्हणून सांगते. बी१२ कमी असेल तर बी१२ हवंच. प्रेगाबालिनसारख्या गोळीने झणझण कमी जाणवते. पण बोगद्यातला दाब यांतल्या कशानेही उतरत नाही.

आता तिसरा प्रश्न. ऑपरेशनने संधिवात जात नाही. त्यात बोगद्यावरचा तो जाड, न ताणला जाणारा पट्टा कापून बोगदा मोकळा केला जातो, बस. साधं कार्पल टनेल असेल तर हे हातापुरती भूल देऊन, लहान छेदातून, वीसेक मिनिटांत होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. आमवात असेल तर माझी पद्धत वेगळी असते. मी दुर्बिणीतून न करता उघडून करते, कारण मला आत बघायचं असतं. साध्या कार्पल टनेलमध्ये पट्टा उघडला की टेंडन मोत्यासारखे पांढरे, चकचकीत दिसतात आणि त्यांच्यावर पातळसं अस्तर असतं. आमवातात टेंडन दिसतच नाहीत. लालसर-तपकिरी, ओलसर, गुबगुबीत अस्तराने ते पुरते वेढलेले असतात आणि नस त्यात एका बाजूला चपटी होऊन पडलेली असते. तिथे नुसता पट्टा कापून भागत नाही. ते अस्तर काढावं लागतं आणि त्याचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. म्हणून सर्जनना ऑपरेशनच्या आधी दोन प्रश्न विचारा: आत अस्तर जाड सापडलं तर ते काढणार का, आणि ते बायोप्सीसह टीबीच्या कल्चरला पाठवणार का. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

आमवात असलेल्या हातात आणखी एक धोका असतो. एखाद्या सकाळी अंगठ्याचं टोक अचानक वाकेनासं होतं, दुखत मात्र नाही. लोक समजतात नस आणखी दबली. प्रत्यक्षात मनगटातल्या खरबरीत हाडावर घासून अंगठ्याचा टेंडन तुटलेला असतो. असं कधी झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच आठवड्यात हाताच्या सर्जनना दाखवा, कारण एक तुटल्यावर त्याच हाडावर शेजारचाही घासायला लागतो.

ऑपरेशननंतर काय धरून चालायचं? रात्रीच्या मुंग्या बहुतेकांना काही दिवसांतच थांबतात. सतत बधिर असलेल्या बोटांना महिने लागतात. बसलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही, म्हणूनच तो बसायच्या आत निर्णय घ्यावा. तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दाबल्यावर दुखणं दोन-तीन महिने राहतं, ते अपेक्षित आहे. बोटं त्याच दिवसापासून हलवायची, टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, कुकर उचलणं, कणिक मळणं साधारण सहा आठवड्यांनी. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर या ऑपरेशनसाठी ते सहसा थांबवत नाहीत. आमवातासाठीची बायोलॉजिक इंजेक्शनं चालू असतील तर तारीख संधिवाततज्ज्ञांशी बोलून ठरवावी.

दोन्ही हात एकदम करायला काही जण सांगतात. आईंच्या वयाच्या, घर चालवणाऱ्या बाईला मी तसं सुचवत नाही. आंघोळ, वेणी, साडी, शौचाला जाणं, यासाठी एक हात मोकळा लागतोच. आधी जास्त दबलेला हात, तो कामाला लागला की दुसरा. आमवात असेल तर मधल्या काळात औषधाने दुसऱ्या हाताची गरजच उरली नाही, असंही होतं.

एनसीव्हीचा रिपोर्ट हाताशी असेल तर त्यातले मीडियन मोटर आणि सेन्सरी लेटन्सीचे (नसेतून संदेश पोहोचायला लागणाऱ्या वेळेचे) दोन्ही हातांचे आकडे, आणि अँटी-सीसीपी व टीएसएचचे निकाल आले की ते इथे लिहा. पहाटेच्या आखडलेपणाची घड्याळातली वेळही लिहा. त्यावरून संधिवाततज्ज्ञ आधी की हाताचा सर्जन आधी, हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येईल.